अक्काचा गुलाब, धाकट्याची ताडपत्री

अक्का धाकट्या भावाकडे राहायला आली ती अट घालूनच. बसमध्ये सात तास मांडीवर धरलेला पत्र्याचा डबा तिनं पायरीवर ठेवला. आत गुडघ्याएवढं गुलाबाचं झुडूप होतं. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "सहा महिन्यांत याला एक फूल आलं तर मी इथं राहीन. नाही आलं तर मी आपली परत. माझं घर अजून विकलेलं नाही."

"अक्का, हे काय नवीन?" भाऊ म्हणाला.

"नवीन कसलं? जिथं हा जगणार नाही, तिथं मी तरी जगून काय करू?"

हे बोलणं गुलाबाबद्दल नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अक्कानं डोंगरातल्या एका गावी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, कुणाच्या दारात हात पसरला नाही. आता डोळे गेले होते. समोर माणूस आला की नुसती सावली दिसायची. दोनदा शेगडीवर हात भाजला, एकदा जिन्यावरून पडली, तेव्हा कुठे बाई भावाकडे यायला कबूल झाल्या. पण कुणाला जड होणं तिच्या स्वभावातच नव्हतं. गुलाबाची अट म्हणजे तिनं स्वतःसाठी उघडं ठेवलेलं मागचं दार होतं.

आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता. न्हाऊमाखू घालून, वेळेला कान उपटून, या अक्कानंच त्याला वाढवलं. ती परत त्या घरात एकटी गेली तर तिकडून पुढची बातमी कसली येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं.

पण गुलाबाचं आणि समुद्राचं कुठे जमतं! घरामागे हातरुमालाएवढी बाग, तिच्यापुढे दगडी बांध आणि बांधापलीकडे थेट पाणी. तिथं खिडकीचे गज दर वर्षी रंगवावे लागत आणि नवं कुलूप दोन महिन्यांत गंजत असे. भावानं वाळू उपसून लाल माती भरली, शेणखत घातलं आणि झुडूप लावलं. आठच दिवसांत पानांच्या कडा विडीनं डागल्यासारख्या तपकिरी झाल्या.

"खारा वारा लागतोय त्याला," बायको म्हणाली.

"वाऱ्याचा बंदोबस्त मी करतो," तो म्हणाला. घोडं पेंड खातं ते इथंच.

कारण हा माणूस धंद्यानं ताडपत्र्या शिवणारा. होड्या आणि ट्रक झाकण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. बंदरावर त्याला सगळे 'थेंबबंद' म्हणत, कारण त्याच्या शिवणीतून आजवर पाण्याचा थेंब आत गेलेला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्याच्याइतकी मनावर कुणीच घेतली नसेल. त्यानं गुलाबासाठी चक्क एक खोली शिवली. चारी बाजूंनी निळी जाड ताडपत्री, वर उजेड येईल असं पांढरं कापड, मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी शिवण आणि तळाला वाळूत पुरलेली कड. पाणी घालायला एका बाजूला बुटासारख्या लेसनं बांधलेलं दार ठेवलं. मुंगीला आत जायचं तर परवानगी काढावी लागली असती.

"यात गुलाब राहणार आहे की तिजोरी?" बायकोनं विचारलं.

"तुला यातलं काय कळतं?" तो म्हणाला. बायको गप्प बसली, म्हणजे तेवढ्यापुरती.

पहिला महिना वारा ताडपत्रीवर नुसता डोकं आपटत राहिला आणि हा मिशीत हसत राहिला. नवीन पानांच्या कडा जळत नव्हत्या. मग एके दिवशी पानांवर पांढरी भुकटी दिसली. त्याला वाटलं मीठच आलं कुठून तरी, म्हणून त्यानं दारावर आणखी एक पट्टी शिवली. भुकटी वाढली. पानं वाकडी झाली. एक कळी धरली होती, ती न उमलताच तपकिरी होऊन कुजली. ती त्यानं खिशात लपवली, जणू चोरी पकडली जाणार होती.

"कसा आहे रे माझा?" अक्का रोज विचारायची.

"मस्त आहे. एकदम जोरात."

"मला ने ना एकदा."

"आज नको. वारा आहे." दुसऱ्या दिवशी, "आज नको, ऊन आहे." अक्काला सावल्याच दिसत होत्या, पण कान शाबूत होते. ती हं म्हणायची आणि पुढं काही विचारायची नाही.

चौथा महिना सरत आला. शेवटी तो गावातल्या रोपवाटिकेत गेला, फुललेला गुलाबी गुलाब घेऊन आला आणि ताडपत्रीच्या पुढ्यात लावून टाकला. रंग अगदी तोच, याची त्यानं तीन-तीनदा खात्री करून घेतली होती. ज्या माणसाला दिसत नाही त्याच्यासाठी हा रंग जुळवत बसला होता. अशा अकलेला काय म्हणावं!

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, दुधाची तहान ताकावर भागवताय, आणि तीसुद्धा कुणाची? वन्संची? त्यांचे डोळे गेलेत, नाक नाही."

"तू फक्त गप्प राहा."

"राहते. पण तोंडावर पडाल तेव्हा उचलायला मी येणार नाही."

त्यानं अक्काचा हात धरून तिला बागेत आणलं. "बघ, आलं की नाही फूल!" अक्काचा चेहरा असा उजळला की त्याला क्षणभर आपल्या लबाडीचं कौतुकच वाटलं. वास घ्यायला ती सवयीनं गुडघ्यापर्यंत वाकायला गेली, आणि कमरेएवढ्या उंचीवरचं ते फूल तिच्या कपाळावर आपटलं.

अक्कानं हातानं फूल चाचपलं, नाकाशी नेलं, सोडून दिलं. "छान आहे हो," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली.

संध्याकाळी तो कामावरून आला तर बायकोनं खोलीकडे बोट दाखवलं. अक्का पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी बॅग उघडी.

"परतीची बस किती वाजता असते रे?"

"अक्का, फूल आलं ना! ठरलं होतं आपलं."

"ते फूल माझं नाही, धाकट्या. माझ्या गुलाबाला उन्हात वाळलेल्या स्वच्छ चादरीचा वास असतो, आणि मागून थोडा मधाचा. त्याला तर कसलाच नव्हता." तिनं घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "तू लहानपणी एवढा मार खाल्लास, पण माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस. आता बोलावं लागलं. म्हणजे मी किती जड झालेय बघ."

थेंबबंदाचा आवाज एकदम चढला. "जड झाली असतीस तर खोटं कशाला बोललो असतो? गुलाब मेला, असं सांगून मोकळा झालो असतो! तूच अट घातली होतीस ना? मी नुसतं खरं बोललो असतो, की तू गेली असतीस. तू जाऊ नयेस म्हणून गेलो मी रोपवाटिकेत, माझे आई!"

अक्काचा हात घडीवर थांबला. दारातून बायको हळूच म्हणाली, "वन्सं, हे मात्र खरं आहे. चार महिने झोप नाही या माणसाला. अक्कल चालत नाही, पण तुमच्यावर जीव आहे."

साडी बाजूला ठेवून अक्का म्हणाली, "मेला का तो?"

"नाही. पण काही खरं नाही त्याचं."

"चल, दाखव."

त्यानं लेस सोडली. अक्का मातीत बसली, आत हात घातला, आणि पान बोटांत चोळून बघितलं. "अरे, पीठ लागतंय हाताला! ही भुरी आहे, कोंदट जागेतला रोग. श्वास कोंडलास की रे याचा! शाळेत दारं-खिडक्या लावून पोरांना बसवलं तर दुसऱ्या दिवशी निम्मी आजारी. याला वारा हवा."

"वाऱ्यात मीठ आहे."

"मग थोडा गाळून दे. आणि मीठ बसलं तर रोज सकाळी तांब्याभर गोड्या पाण्यानं पानं धू. कात्री आण."

कोंब फुटायचा फांदीवरचा डोळा बोटांनी चाचपून, त्याच्यावर तिरकी कात्री, असं करत तिनं झुडूप वीतभर ठेवलं. उरल्या त्या पाच काड्या. बघून भावाला रडूच आलं. आणि त्याचं खरं मरण पुढं होतं. अक्कानं त्याला ताडपत्रीला भोकं पाडायला लावली. एकेका बाजूला शंभर भोकं. ज्यानं आयुष्यभर भोकं बुजवली, त्यानं दाभण तापवून स्वतःच्या दुहेरी शिवणीच्या कापडाची चाळण केली. अक्का शेजारी बसून बोटांनी तपासत होती. "इथं राहिलंय. अजून एक पाड." वरचं छतही काढलं. तेव्हापासून रोज सकाळी दोघं पानं धुवायची आणि भांडायची. तो पाणी फार ओततो म्हणून ती ओरडायची. बॅग पलंगाखाली गेली होती, पण तिच्याबद्दल विचारायची त्याची हिंमत नव्हती.

सहा महिने पुरे झाले त्या सकाळी तो उजाडताच बागेत गेला. झुडूप पुन्हा वीत-दीड वीत वाढलं होतं. पानं तांबूस, चकचकीत, भुकटीचा मागमूस नव्हता. दोन कळ्या होत्या, पण हिरव्या, हरभऱ्याएवढ्या. फूल नव्हतं. तो तिथंच गुडघ्यावर बसला. मागून भिंतीवर हात फिरल्याचा आवाज आला.

"अक्का," तो मागं न बघता म्हणाला, "आज खोटं बोलत नाही. फूल नाही आलं. पण दोन कळ्या आहेत, हात लावून बघ. पंधरा दिवस थांब. तेवढंच मागतो."

"पंधरा दिवस कशाला? घर विकायला सांगून दोन महिने झाले."

तो वळला. "दोन महिने? तेव्हा तर नुसत्या काड्या होत्या!"

"काड्याच होत्या." अक्का त्याच्या शेजारी बसली. "तिकडे मला सगळे खरंच सांगायचे रे. बाई, तुम्ही पडाल. बाई, तुमचं वय झालं. मला ठेवून घ्यायला खोटं बोलणारं माणूस तिकडे एकही नव्हतं."

तो झुडपावर वाकला होता आणि आता त्याला आवरेना. अक्काला दिसत नव्हतं, पण श्वास ऐकून कळलं. तिनं त्याचा कान धरला आणि त्याला मागं ओढलं.

"मागं हो. रोपावर रडू नकोस, गाढवा. मिठाला इथं काय तोटा आहे?"