नव्वद टक्के

लॉवेलने पलंगावर टिचकी मारली, मापाच्या चौकटीत नव्वद टक्के असं लिहिलं आणि खुर्चीत मागे रेलला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची बेडरूम एकदम ऐसपैस दिसायला लागली.

"बघ," तो म्हणाला. "भिंत हलवली नाही, एक फळी वाढवली नाही. झाली की नाही खोली मोठी?"

मॅरिबेल ओचोआला या ऑफिसात येऊन तिसराच दिवस होता. तो सांगेल ते ती वहीत लिहून घेत होती.

"पण पलंग लहान झाला," ती म्हणाली.

"पलंग कोण मोजतंय, पोरी? गिऱ्हाईक चित्रात स्वतःला बघतं. सोफा, टेबल, पलंग, सगळं एकदम निवडायचं आणि नव्वद टक्के. ऐंशी केलंस तर भातुकली दिसेल. नव्वदला जगात कुणाला कळत नाही."

डेमॉइन शहराच्या उत्तरेला लॉवेल ब्रँडव्होल्डने आखलेली घरं गावोगाव होती. बावीस वर्षं तो हेच करत होता आणि महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी बांधकामवाल्यांच्या सभेत सॉफ्टवेअरचे कानमंत्रही द्यायचा. बाहेरच्या भिंती आधी काढा, आतल्या मागून. खिडक्यांच्या उंच्या सुरुवातीलाच ठरवून टाका, नाहीतर शेवटी एकेका खिडकीचे पाय धरावे लागतात. चित्र काढताना कॅमेरा जरा खाली ठेवा, छत उंच वाटतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गिऱ्हाइकाला दाखवायची फाईल वेगळी आणि बांधायची वेगळी; त्या दोघींची गाठ पडू देऊ नका. हे सांगताना तो बोट वर करायचा आणि तरणीताठी पोरं माना डोलवायची.

मार्चमध्ये ड्रेक्सलर मायलेकी त्याच्याकडे आल्या. कोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिची मुलगी टेसा सोळा वर्षांची. सात वर्षांपूर्वी बर्फावरून गाडी घसरली, तेव्हापासून टेसा व्हीलचेअरवर होती. कोरीनचा नवरा, वेड नावाचा, धान्याचे ट्रक चालवायचा, त्यामुळे घराचं सगळं या दोघीच बघत होत्या.

कोरीनने पर्समधून एक पाकीट काढलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं होतं, खुर्ची सव्वीस इंच रुंद, बेचाळीस लांब.

"मला मोजू दे म्हटलं, तर नाही दिलं हिने," टेसा म्हणाली. "तीनदा मोजलं स्वतःच."

"बरं, बाईसाहेब, तुम्हाला काय हवंय घरात?" लॉवेलने विचारलं. "जलतरण तलाव? सिनेमाघर?"

"बाथरूम," टेसा म्हणाली. "आत जायचं, दार आतून लावायचं, माझी मी आंघोळ करायची आणि बाहेर यायचं. आई बाहेर बसेल, टीव्ही बघत. बाकी घर तुम्ही वाटेल तसं काढा."

"एवढा काय आईचा कंटाळा?"

"आईचा नाही हो. तुम्ही सोळा वर्षांचे असताना तुमची आई घालायची का आंघोळ?"

कोरीन मोठ्याने हसली आणि लगेच पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. लॉवेललाही पोर आवडली. त्याने तिच्यासमोरच पडद्यावर व्हीलचेअर ठेवली, पाकिटावरची मापं भरली आणि तिच्याभोवती पाच फुटांचं वर्तुळ काढलं. एवढ्या जागेत खुर्ची पूर्ण फिरते, त्याने समजावलं. वर्तुळ खुर्चीला जोडलेलं होतं. ते बाथरूममध्ये नीट बसलं, वर चार बोटं जागा उरली, आणि टेसाने टाळी वाजवली.

चूक झाली ती पुढच्या आठवड्यात, आणि तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चित्रं पाठवायची होती म्हणून लॉवेलने घरातलं सामान एकदम निवडलं आणि नव्वद टक्के केलं. पलंग गेला, टेबल गेलं, आणि त्यांच्याबरोबर खुर्ची आणि तिचं वर्तुळही. चित्रं बघून कोरीनचा फोन आला, टॉवेल ठेवायचं कपाट जरा मोठं होईल का? त्याने समोर उघडी होती तीच फाईल घेतली. बाथरूममध्ये वर्तुळाला भरपूर जागा दिसत होती. त्याने भिंत सहा इंच आत सरकवली, कपाट मोठं केलं आणि तीच फाईल बांधायला धाडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ऑक्टोबरमध्ये ड्रेक्सलर कुटुंब नव्या घरात राहायला गेलं. चौथ्या दिवशी कोरीनचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता. टेसाला खुर्ची वळवता येत नाही, तुम्ही एकदा येऊन बघाल का?

मॅरिबेलने फाईल उघडली आणि वर्तुळ मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"साडेचार फूट," ती म्हणाली. "लॉवेल, हे पाच होतं."

तो उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. मग त्याने कपाटातून ड्रेक्सलरांचं फोल्डर काढलं, त्यातलं पाकीट घेतलं, दुमडलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"आपण सांगणार आहोत ना त्यांना?" मॅरिबेलने विचारलं.

"भिंत सरकवायची म्हणजे नळ, फरशी, कमोड, सगळं उखडायचं. थंडी तोंडावर आलीये. आणि हे बाहेर पडलं, तर गुरुवारी त्या पोरांसमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहू?" त्याने कोट घेतला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. चल, तूही ये. शिकशील काहीतरी."

मॅरिबेल गेली. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं आणि या गावात असलं दुसरं ऑफिस नव्हतं.

टेसाने त्यांना करून दाखवलं. ती आत गेली, खुर्चीची पाय ठेवायची फळी कमोडला लागली आणि मागचं चाक भिंतीला. सरकतं दार तिच्या पाठीमागे उघडंच राहिलं. हात मागे नेला तरी कडी वीतभर लांब होती.

"उलटी गेले तर दार लागतं," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, सगळं करून बघितलेल्या माणसासारखा. "पण मग शॉवरकडे वळता येत नाही. बारा वेळा बघितलं. आरसाही काढून ठेवला आम्ही, काही उपयोग नाही."

लॉवेलने खिशातून टेप काढला. मॅरिबेलला वाटलं, आता भिंत मोजेल. तो खाली वाकला आणि खुर्ची मोजायला लागला. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, सावकाश, टेसाच्या मांडीसमोरून टेप नेत. पोरगी श्वास रोखून बसली.

"सव्वीस," तो म्हणाला आणि भुवया उंचावल्या. "मॅरिबेल, फाईलमध्ये खुर्ची केवढी आहे?"

मॅरिबेलने त्याच्याकडे बघितलं.

"सांग ना. आज सकाळीच बघितलीस तू."

"तेवीस," ती म्हणाली. "तेवीस, आणि वर थोडं."

आणि हे अगदी खरं होतं. सव्वीसचे नव्वद टक्के तेवीस आणि वर थोडंच होतात.

"पण मी तर सव्वीस..." कोरीन थांबली. "सव्वीसच लिहिलं होतं ना मी? टेसा, काय लिहिलं होतं मी?"

"मला काय विचारतेस? टेप तुझ्या हातात होता."

"तो कागद असेल ना तुमच्याकडे, लॉवेल?"

"असेल कुठेतरी. शोधतो की," लॉवेलचा आवाज लोण्यासारखा होता. "पण कशाला उगाच? सहाचे तीन कुणाच्याही हातून होतात. तुमच्या डोक्याला तेव्हा काय कमी ताप होता? मी काही तुम्हाला दोष देत नाहीये."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर ती अशी द्यावी, की संन्याशानेच मान पुढे करावी. कोरीन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ओठ हलत होते. ती त्या दिवशीचा टेप डोळ्यांसमोर आणत होती आणि प्रत्येक वेळी आकडा थोडा थोडा पुसट होत होता.

"तीनदा मोजलं गं मी," ती म्हणाली.

"हो, तीनदा," टेसा म्हणाली. "तुलाच मोजायचं होतं. माझी खुर्ची, पण मला नाही हात लावू दिलास." तिने हुकावरचा टॉवेल ओढला आणि मांडीवर टाकला. "चल, घाल आंघोळ. जन्मभराचं काम मिळालं तुला."

"टेसा, पाहुणे आहेत."

"असू देत ना. दार कुठे लागतंय?"

लॉवेल खाकरला आणि स्वयंपाकघराकडे वळला. मॅरिबेल त्याच्या मागून गेली. बोलायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तिने तोंड उघडलंही. मग लॉवेलने तिच्या पुढ्यात एक खुर्ची ओढली आणि ती मुकाट्याने बसली.

थोड्या वेळाने कोरीन आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तिने दोघांना कॉफी दिली, भोपळ्याचा केक कापून समोर ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"तुम्हाला उगाच फेरी पडली," ती म्हणाली. "वेड शनिवारी येतोय. तो तुम्हाला फोन करेल, मला माहीत आहे. त्याला सांगू नका, लॉवेल. म्हणा की नियमच तसा होता, नाहीतर लाकूड आखूड आलं. काहीही म्हणा."

"अहो, इतकं काय त्यात..."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशी गाडीही मीच चालवत होते."

मॅरिबेलने कप खाली ठेवला. मी बाहेर थांबते, असं काहीतरी पुटपुटत ती उठली आणि कोट न घेताच अंगणात गेली. खिडकीतून ती दिसत होती, गाडीकडे तोंड करून उभी.

लॉवेलने केकचा तुकडा संपवला, तोंड पुसलं.

"काळजी करू नका," तो म्हणाला. "माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडणार नाही."

कोरीनने टेबलावरून वाकून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. देव तुमचं भलं करो, ती म्हणाली, दोनदा म्हणाली. ती सोडेपर्यंत त्याने तो काढून घेतला नाही.