उलट्या बिजागऱ्या

मिस्त्रींनी पायातल्या चपला काढण्याआधीच शेगडीखालच्या कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा सरळ, एकदा उलटा. कुठेतरी कुसळ टोचणार अशी त्यांची खात्री होती. कड गुळगुळीत निघाली. त्यांनी जरा नाराजीनेच अंगठ्याकडे पाहिलं आणि मग चपला काढल्या.

"बाबा, आधी पाणी तरी प्या," लेक म्हणाली.

"हे कुठून आणलंस?"

"खालचे लोक जागा सोडून गेले ना, ते फाटकापाशी टाकून गेले होते. दार फुगलेलं, मागची फळी निघालेली. मी आणि समोरच्या खोलीतली मैत्रीण, दोघींनी उचलून आणलं."

"आणि रंगवलं कुणी?"

"मीच."

"रंगाआधी घासलं कुणी?"

"मीच की. अजून कोण येणार घासायला?"

मिस्त्रींनी तांब्या तोंडाला लावला. एका दमात तो रिकामा केला.

खरं तर ते कपाट बघायला आलेच नव्हते. लेकीला उचलून न्यायला आले होते. वसतिगृहातलं जेवण तिला मानवेना, म्हणून तिने मैत्रिणींच्या ओळखीने ही खोली घेतली आणि मग घरी कळवलं. तेव्हापासून घरात रोज तोच विषय. मिस्त्रींची मोठी बहीण याच शहरात राहायची. तिची मागची खोली रिकामी होती, दोन वेळचं गरम जेवण होतं, आणि भावाला ऐकवायला तोंड होतं. "पोरीचे हाल करून घेऊ नकोस," ती दर फोनला म्हणायची. मिस्त्रींनाही ते पटलं होतं. ज्या मुलीला आईने कधी चहाचं भांडं विसळू दिलं नाही, ती स्वतः रांधून खाते म्हणजे काय खात असेल, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला स्वयंपाकघरातून आई हाकलायची आणि कारखान्यातून ते. दोघांचं वाक्य एकच होतं, "जा, अभ्यास कर." तिच्या हाताला लाकडाचा भुसा लागू द्यायचा नाही, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात धरली होती.

तोंड पुसायला त्यांनी पिशवीतून पंचा ओढला, तर त्याच्याबरोबर दोरीचं बंडल बाहेर आलं. सामान बांधायला आणलेली चांगली जाड दोरी होती. लेकीने ती पाहिली. मिस्त्रींनी ती घाईघाईने परत पिशवीत कोंबली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"आत्याने सांगितलंय ना?" तिने विचारलं.

"तिनेच असं काही नाही. आम्हालाही वाटतं."

"मी जाणारच नाही असं म्हणत नाही मी. पण बाबा, इथे माझं बसलंय सगळं. एकदा जेवून बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

एवढं बोलून ती शेगडीकडे वळली. आवाज तिने साधा ठेवला होता, पण कांदा हातात घेऊन तो सोलायचा सोडून ती नुसतीच उभी राहिली होती. मिस्त्रींच्या ते नजरेतून सुटलं नाही.

खोलीत विजेची शेगडी एक, पातेलं एक आणि झाकणही एकच. तिने कांदा परतला, बटाट्याच्या फोडी टाकल्या, वाटाणे टाकले, धुतलेले तांदूळ टाकले. पाणी ओतलं आणि मग दोन अंडी नळाखाली खसाखसा घासून कवचासकट त्याच पातेल्यात अलगद सोडली.

"हे काय?" मिस्त्री उडालेच.

"भात शिजेपर्यंत अंडीही उकडतात. वेगळं भांडं नको, वेगळी वीज नको. या मजल्यावरच्या सगळ्या पोरी आता असंच करतात. माझ्याकडून शिकल्या."

"आईने शिकवलं वाटतं?"

"आई मला तिथे उभी तरी करत होती का? चुकत चुकत शिकले. पहिला भात तर खालच्या कुत्र्याने हुंगला आणि पाठ फिरवून निघून गेला."

मिस्त्रींना हसू फुटलं. ते दाबण्यासाठी त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खोलीभर नजर टाकली. खिडकीशी टेबल होतं. त्याचा एक पाय नवा होता, दुसऱ्याच कुठल्या टेबलाचा, पण उंचीला बरोब्बर जमलेला. त्यांनी कोपऱ्यावर तळवा दाबून पाहिला. टेबल डुलत नव्हतं. खुर्चीची बैठक जुन्या पडद्याच्या कापडाने मढवली होती आणि कापडाच्या घड्या खालून नीट ठोकल्या होत्या, वरून एकही खिळा दिसत नव्हता. "कारखान्यातला पोऱ्या इतकं नीट काम करत नाही," असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. न्यायला आलेल्या माणसाने असलं काही बोलायचं नसतं.

पातेल्यात उकळी फुटली. लेकीच्या उजव्या हातात डाव होता. भात हलवता हलवता, मान न वळवता, तिने डावा हात खाली नेला, कपाटाचं दार उघडलं, मिठाची बरणी काढली आणि दार गुडघ्याने लोटून दिलं.

मिस्त्री बघतच राहिले. मग उठून कपाटासमोर उकिडवे बसले. बिजागऱ्या उजवीकडे होत्या आणि मूठ डावीकडे. त्यांनी दार उघडून डावीकडची कड उजेडात पाहिली. रंगाखाली, नीट पाहिल्यावरच दिसतील अशी, बुजवलेली भोकं होती. सरसात भुसा कालवून भरलेली आणि वरून घासून सपाट केलेली.

"आधी बिजागऱ्या इकडे होत्या," ते म्हणाले.

"हो. दिसतंय का अजून? मी तर खूप घासलं होतं."

"मग हलवल्यास कशाला? जागच्या जागी बसल्या असत्या. नुसतं दार तासायचं होतं."

"अहो, उलट्या लावल्या होत्या ना!" लेक डाव हातात घेऊनच वळली. "कुणीतरी अडाण्याने लावल्या असणार. दोन रविवार गेले माझे त्या सरळ करण्यात."

"उलट्या?"

"मग काय! आपल्या घरात एक तरी दार असं उघडतं का? आईचं कपाट, माझं पुस्तकांचं, देवाचं, सगळ्यांची मूठ डावीकडे. बाहेरची तयार कपाटं असतात ना, सगळी उलटी. कॉलेजातली, वसतिगृहातली, सगळी. घाईघाईत करतात मेले. लहानपणापासून मी बघतेय, तुमच्यासारखं सरळ काम कुणी करतच नाही."

मिस्त्रींनी दार हळूच लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

ते डावरे होते. लहानपणी त्यासाठी मार खाल्ला होता, उस्तादाने डाव्या हातावर फुटपट्ट्या मोडल्या होत्या. पहिलंवहिलं मोठं काम मिळालं तेव्हा एका बाईंच्या स्वयंपाकघरातली झाडून सगळी दारं त्यांनी आपल्या हाताला सोयीची लावून ठेवली. बाईंनी ती सगळी काढायला लावली आणि शेजारणींना बोलावून दाखवली. तिथून नाव पडलं, "उलटा मिस्त्री". पुढे त्यांनी दात-ओठ खाऊन सवय लावून घेतली. गिऱ्हाइकाचं दार असलं की मनाशी घोकायचं, मूठ उजवीकडे, मूठ उजवीकडे. हात मोकळा सुटायचा तो फक्त स्वतःच्या घरात. घरात कुणी कधी काही बोललं नाही. चालवून घेतात बिचारे, असंच इतकी वर्षं ते धरून चालले होते.

आणि ही म्हणत होती, सगळं जग उलटं आहे.

"चुकलं का काही?" लेकीचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा? भोकं बुजवायला वेगळं काही वापरायचं असतं का?"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कांद्याचं म्हणावं तर कांदा केव्हाच शिजून गेला होता. ते उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"वरच्या बिजागरीचा स्क्रू जरा सैल आहे," ते म्हणाले. "बाकी हात चांगला आहे तुझा. फार चांगला आहे."

असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते. लेकीला ते ठाऊक होतं. तिने पटकन भाताकडे तोंड फिरवलं आणि गरज नसताना भात हलवत राहिली.

जेवायला दोघं खिडकीपाशी बसली, ती पेटीवर आणि ते मढवलेल्या खुर्चीवर. अंडी सोलून, चिरून, मिरपूड भुरभुरून तिने भातावर मांडली होती. मीठ अंमळ कमी होतं. निघताना बायकोने बजावलं होतं, "मीठ कमी पडलं तर तिथे बोलायचं नाही." मिस्त्री बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा भात घेतला, मग खरवड मागितली, आणि ती खाताना आपण कशासाठी आलो होतो याचा त्यांना चक्क विसर पडला.

आठवण करून दिली ती फोनने. बहिणीचा होता. लेकीने घासायला घेतलेलं पातेलं नळाखाली तसंच धरून ठेवलं. पाणी वाहत राहिलं.

"निघालात का रे?" बहिणीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "भाज्या चिरून ठेवल्यात मी. खोलीही झाडून घेतली."

"ताई, जरा अडचण आहे," मिस्त्री म्हणाले. "हिचं सामान फार आहे. टेबल आहे, खुर्ची आहे, कपाट आहे."

"पोरीच्या एवढ्याशा खोलीत कपाट कुठलं?"

"तिचं आहे. स्वतः केलेलं. तुझ्या मागच्या खोलीत नाही मावायचं. तिथे उजव्या अंगाला भिंत आहे, दार पुरतं उघडणार नाही."

"अरे, मग दार या बाजूचं काढून त्या बाजूला लाव की! एवढा मोठा मिस्त्री ना तू?"

मिस्त्रींनी कपाटाकडे पाहिलं. लेकीने नळ बंद केला होता आणि ती श्वास रोखून उभी होती.

"नाही लावायचं," ते म्हणाले. "बरोबर बसलंय ते."