लाल चिंधीचा दोडका

देवीपुढे ताट होतं, ताटात हळदकुंकू लावलेला दोडका आणि देठाला माझी लाल चिंधी. गच्चीवरचा वेल रिकामा बघून मी जिना उतरले होते ती माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच. माकडं बिचारी निर्दोष निघाली.

"मीच काढला. गुडघे दुखत होते, तरी चढलो," आमचे हणमंतराव म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

कौतुक!

हा दोडका माझ्या सासूबाईंचा, बंगळुराजवळच्या देवनहळ्ळीच्या मळ्यातला. आखूड, जाडा, शिरा धारदार, पण शिजला की लोणी. पुढे मळ्याचा लेआउट झाला, घरांचे प्लॉट पडले. विहीर बुजवून तिथे कुणीतरी तीन मजले चढवले. सासूबाई गेल्या आणि आमच्याकडे उरलं ते राखेत घोळवलेलं बी. ते मी वर्षाआड गच्चीवर लावून जपत आले. तिथूनच बियाण्यांचा नाद लागला. वांगी, घेवडा, पडवळ, जुन्या वाणांचं जे मिळेल ते लावायचं आणि बी धरायचं. सून संयोगितानं त्याचा धंदा केला. शहरातल्या कोरमंगलाच्या पोरी आता कुंडीत लावायला आमची पाकिटं मागवतात. यंदा 'सासूबाईंचा दोडका' पहिल्यांदा विकायला काढायचा होता. पाकिटंसुद्धा छापून आली होती.

आणि डबा उघडला तर किड्यानं सगळं बी पोखरलेलं. कसाबसा एक वेल आला, त्यालाही नुसती नर फुलं. शेवटी एक मादी फूल लागलं, तेव्हा तिन्हीसांजेला मीच नर फूल तोडून त्यावर फिरवलं. दोडका धरला! त्या दिवशी मी पोरीसारखी नाचायची तेवढी बाकी होते. होसकोटेच्या माझ्या माहेरी बियाच्या फळाला लाल चिंधी बांधतात. चिंधी दिसली की हात लावायचा नाही, फळ वेलावरच वाळू द्यायचं. तशी मी बांधली. जन्मभर फॅक्टरीच्या शिफ्टा केलेल्या नवऱ्याला हे सांगायला हवं, हे काही सुचलं नाही.

यांच्या घरी चिंधीचा अर्थ वेगळा. यांच्या घरी चिंधी बांधलं फळ देवीचं.

"मला वाटलं, धंद्यासाठी तू नवस बोललीस," ते म्हणाले. "नवसाची वेळ टळू नये म्हणून मीच काढला. आई म्हणायचीच ना, पहिलं देवीला, दुसरं बियाला, मग आपल्या तोंडाला."

"त्यांच्या मळ्यात दुसरं असायचं हो. मी दुसरं कुठून आणू?"

वेल पिवळा पडत चालला होता. दोडका अजून कोवळा, आतलं बी नुसतं दूध. मी हे सगळं सांगितलं, तसे ते पाटावर खाली बसले. मी एवढी चिडले होते, पण तो चेहरा बघून राग कुठल्या कुठे गेला. माझ्याच धंद्यासाठी चढले होते ना ते दुखरे गुडघे घेऊन.

संयोगिताला फोन करून सांगितलं, पाकिटं माळ्यावर टाक. ती "सरी, टाकते," एवढंच म्हणाली.

देवीचा प्रसाद टाकवत नाही. मी शिरा तासून तीळ घालून चटणी केली आणि उरलेल्याची भाजी. सासूबाई करायच्या तशीच, गूळ अगदी स्वल्प. वास सुटला आणि क्षणभर मळ्यातली चूलच पेटली म्हणा. मला रडू आलं. मी ते कांद्यावर ढकललं नाही.

हणमंतराव खाली मान घालून जेवले. नेहमी भाजी दोनदा मागणारा माणूस, आज मागितली नाही. मी ताट उचलायला गेले तर कडेला पांढऱ्या, मऊ बियांची ओळ. एकेक घास चाचपून त्यांनी बाजूला काढल्या होत्या.

"वाळवून बघ," ते म्हणाले. "एखादी लागली तर लागली."

शिजलेलं बी उगवत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मी त्या धुतल्या, राखेत घोळवल्या आणि लाल चिंधीवर पसरून खिडकीत उन्हाला ठेवल्या.