काचेच्या छताखालचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे, छताचा. जबलपूरच्या कारखान्याच्या वसाहतीत एका बंगल्याला काचेच्या छताची खोली होती. कोण्या हौशी साहेबाने ती फुलझाडांसाठी बांधलेली. सदर बाजारातल्या शिंप्याने मला जाड काळ्या कापडातून शिवले आणि पितळी कड्यांनी छताखालच्या तारांवर चढवले. दोरी ओढली की मी सरसर पसरायचो आणि झाडांवर सावली धरायचो.

पुढे त्या बंगल्यात चिंतामणराव राहायला आले. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई यांनी झाडांच्या जागी देव मांडले. चिंतामणराव तोफगोळ्यांत दारू भरायच्या कामावर होते. ते कामावर निघाले की पद्मजाबाई समई लावत आणि ते सुखरूप परत येईपर्यंत विझू देत नसत. हा त्यांचा रोजचा नेम.

माझ्यावर त्यांची माया होती. समईतले उरलेले तेल पायदळी जाऊ नये, म्हणून त्या ते माझ्या कड्यांना आणि कप्पीला घालत. नणंद शकु हसायची.

"वहिनी, पडद्यालेही नैवेद्य देऊन राहिल्या का?"

"देवाचं तेल आहे गं. वाया कशाला घालवायचं?"

त्या तेलावर धूळ बसली, उदबत्तीचा धूर बसला. कड्या चिकट झाल्या. मी अडखळू लागलो. मला वाचा असती तर सांगितले असते, बाई, तेल नको, आधी पुसून घ्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. भोंगा वाजला की उजेड झाकायचा, म्हणजे वरून कारखाना ओळखू येत नाही. बाकीच्या खोल्या अंधारातच असत, समईचा उजेड झाकायला मी. काही दिवस कसाबसा सरकलो. एका संध्याकाळी मात्र भोंगा वाजला आणि मी अर्ध्यावरच अडकलो.

पद्मजाबाईंनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. शकु स्टुलावर चढली.

"वहिनी, हे तर गुळाच्या पाकासारखं चिकटलं!"

फाटकाशी गस्तीवरचे दिवाकरभैया ओरडले, "भाभीजी, ऊपर से रोशनी दिख रही है! बत्ती बुझाओ!"

"समई आत नेऊ का?" शकुने विचारले.

"आतल्या खिडक्यांना काळं कापड नाही गं."

तेवढ्यात आभाळात घरघर सुरू झाली. पद्मजाबाईंनी वर पाहिले. माझ्या शेजारी उघडी काच होती आणि काचेत समई चमकत होती.

"ते तिथे दारूच्या ढिगात बसलेत, शकु," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मीच वरून त्यांचा पत्ता दाखवून राहिले."

त्यांनी देवापुढचे फूल उचलले. फुलाने ज्योत शांत केली.

मग नुसता अंधार, आणि त्यात त्यांचा जप. विमान आपलेच होते, हे नंतर कळले. धोका टळल्याचा भोंगा झाला, तरी चिंतामणराव येईनात. शकु एकदाही हसली नाही. अखेर फाटकाशी सायकल वाजली.

"काहून अंधारात बसल्या?"

"दिवा मीच शांत केला हो. नेम मोडला."

"अच्छा? पण मी तर आलो." मग काडी ओढून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तारेवर तेल नाही घालत, बाई. धूळ धरते ते. पुसून मेण फिरवा."

दुसऱ्या दिवशी स्नान होताच पद्मजाबाईंनी मला खाली उतरवले. कोरड्या ब्रशने झटकले, एकेक कडी पुसली, उन्हात धरले. तारांवर मेणबत्ती घासली.

"वहिनी, देव पारोसे राहिले ना!"

"आज देव थोडे थांबतील. भोंगा थांबणार नाही."

संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा मी एका ओढीत काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. खाली समई तेवत होती आणि वरून कुणालाच ती दिसत नव्हती.

मित्रांनो, आता मी विरलो आहे, पण एवढे सांगतो. तुमच्या घरातही डोक्यावर, नजरेआड काहीतरी मुकाट्याने काम करत असेल. त्याच्यावर माया करा, पण वरवर तेल घालून नको. कधीतरी स्टुलावर चढून त्याची धूळही पुसा.