फिरलो, पण दोरी आली नाही

मी मासे पकडायच्या गळाचं रीळ बोलतोय. व्याकरणात मी नपुंसकलिंगी, हे मला माहीत आहे. पण इतकी वर्षं एका खमक्या माणसाच्या मुठीत काढल्यावर स्वतःला 'बोलतंय' म्हणवत नाही. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात गुळगुळीत धातूची चकती, तिच्यावर दोरी गुंडाळायची. बाजूला हँडल, आणि मासा फार जोर करू लागला तर दोरी सैल सोडणारा एक ब्रेक. दुकानाच्या काचेमागे माझ्याहून चकचकीत भाऊबंद पुष्कळ होते. गिऱ्हाइकं रंग बघायची, वजन बघायची, हँडल दोनदा गर्रकन फिरवून ठेवून द्यायची.

नळकाम करणाऱ्या मिस्त्रींनी तसं केलं नाही. त्यांनी मला कानाशी धरलं, हळूहळू फिरवलं आणि भिंतीतल्या पाइपातलं पाणी ऐकावं तसं ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे द्या. हे खोटं बोलत नाही." मला बरं वाटलं.

दरवर्षी समुद्र शांत असला की मिस्त्री चार सोबत्यांबरोबर भाड्याच्या बोटीनं दूरच्या खडकावर जात. तीन दिवस, दोन रात्री. पाण्याखालच्या त्या खडकाच्या कपारींत मोठे मासे राहतात. मासा गळाला लागला की सरळ कपारीकडे धावतो. पहिल्या दमात त्याला वर खेचलं तर तो आपला, नाहीतर दोरी खडकावर घासून तुटते आणि बसा हात चोळत. म्हणून सामान निवडताना मिस्त्री फार चिकित्सक. तिकडे दुकान नसतं, म्हणत. गळ बोटाच्या नखावर घासून बघायचे. शिशाची वजनं जड तीच घ्यायचे, कारण हलकं वजन प्रवाहात वाहत जाऊन शेजाऱ्याच्या दोरीत गुंततं आणि मग दोघांच्या आयाबहिणींचा उद्धार होतो.

आणि माझ्या चकतीवर नवी दोरी भरण्याआधी ते कापडी टेपचा एक तुकडा चिकटवायचे. ही बारीक विणलेली दोरी गुळगुळीत धातूवर नुसती गुंडाळली तर जोराच्या ओढीला सगळा गुंडाळा जागच्या जागी फिरतो. टेप असली की पकडून राहतो. गोष्ट एवढीशी, पण मिस्त्री ती कधी विसरले नाहीत.

मग त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. खांदा बरा झाला, डॉक्टरांनी जायला हो म्हटलं, पण घरी बाईंचं हो मिळवायचं होतं. बाई म्हणजे मिस्त्रींची बायको. त्यांच्यापुढे डॉक्टरचं काय चालतंय!

"जा. पण खांद्यानं एकदा जरी दगा दिला, तर पुन्हा बोटीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," मिस्त्री म्हणाले. एवढ्या पटकन म्हणाले की मलाच काळजी वाटली.

बाईंनी सोबतीला जावयांना धाडायचं ठरवलं. जावई चष्म्याच्या दुकानात काम करणारे, बोटं नाजूक, स्वभाव त्याहून नाजूक. समुद्रावर कधी गेलेले नाहीत, पण हौस दांडगी. त्यांनी अंधारात चमकणारी रबरी आमिषं आणली, सात खिशांची जाकिटं आणली, मासा तोलायचा काटा आणला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्या दिवाणखान्याची अवस्था. मिस्त्री एकेक वस्तू हातात घेऊन "वा" म्हणत आणि हळूच पलंगाखाली सरकवत.

निघायच्या आदल्या दिवशी जावयांनी मला पुढे केलं. "बाबा, तुमच्या खांद्याला त्रास नको म्हणून नवी दोरी मीच भरून ठेवली. सगळ्यात उत्तम घेतलीय."

भरली होती देखणी, वेढ्याला वेढा लावून. पण खाली टेप नव्हती. मिस्त्रींनी अंगठा दाबून बघितला. "खाली काय लावलंत?"

"खाली? नाही, सगळी नवीच दोरी आहे, खालपर्यंत!"

शेजारी लेक उभी होती, नवऱ्याकडे कौतुकानं बघत. मिस्त्रींनी दोरीचं टोक उचललं आणि परत ठेवलं. जावयानं मायेनं भरलेलं त्याच्याच देखत उसवायचं, हे त्यांच्यानं होईना. "छान भरलीत," म्हणाले. मी मनात कपाळावर हात मारला. हात नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिला दिवस निभावला. लहान मासे होते, लहान ओढीला ही चूक उघडी पडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा लागला. गळाची काठी वाकली, मिस्त्रींनी पाय रोवले आणि हँडल मारलं. मी फिरलो, दोरी मात्र आली नाही. सुकलेल्या मनगटावर बांगडी फिरावी तसा अख्खा गुंडाळा माझ्या चकतीवर फिरत राहिला. त्यांनी ब्रेक आवळला, पण ब्रेकचा दोष असता तर ना! मासा कपारीत शिरला आणि दोरी ढिली पडली.

बोटीवर सगळे बघत होते. जावई धावत आले. "बाबा, खांदा का? दुखला का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. खरं सांगितलं तर चार सोबत्यांदेखत जावयाची शोभा होणार, आणि खोटं सांगितलं तर बाईंना दिलेल्या शब्दाप्रमाणे हा खडक पुन्हा दिसणार नव्हता. खांदा ठणठणीत होता हो! मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्या नशिबी तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"हो," मिस्त्री म्हणाले. "खांदाच."

उरलेला वेळ ते सगळ्यांना चहा करून देत बसले.

घरी जावयांनीच काळजीनं बाईंना सांगितलं. बाईंनी त्या शब्दाची आठवणसुद्धा करून दिली नाही. मिस्त्रींनी स्वतः मला पुसलं, तेल दिलं आणि जावयांच्या हातात ठेवलं. "आता तुम्हीच वापरा."

जावयांकडे मी कपाटात पडून होतो. एका दुपारी त्यांनी सरावासाठी दोरीचं टोक दाराच्या मुठीला बांधलं आणि जोरानं हँडल फिरवलं. मी फिरलो, दोरी आली नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग सगळी दोरी काढून उघड्या चकतीवरून बोट फिरवलं आणि तिथंच जमिनीवर बसले.

मला वाटलं, आता हा माणूस तडक सासऱ्याकडे जाईल. गेलेही, मला पिशवीत घालून, एकदा नाही अनेकदा. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचे. ते घसा खाकरायचे, तेवढ्यात मिस्त्री कुणाच्या तरी गळक्या टाकीची कथा सुरू करायचे. दोघांनाही ठाऊक, दोघंही गप्प. माणसांची ही माया मला अजून नीटशी उमगलेली नाही.

समुद्र पुन्हा शांत झाला. जावयांनी सामान निवडून द्या म्हणून सगळं मिस्त्रींच्या दिवाणखान्यात मांडलं: हातमोज्यांचे दोन जोड, दोन सुऱ्या, दोन काठ्या.

"दोन कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री टाकीची कथा सुरू करणार, तोच जावई बोलून गेले. "आई, खांदा नव्हता हो. दोरी मी चुकीची भरली होती. बाबांनी मला सांभाळून घेतलं."

बाई जावयांवर चिडल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि मी? मला घरी येऊन सांगता आलं नाही? मी काय ढोल बडवणार होते?"

"जाऊ दे गं."

"हात वर करा."

मिस्त्रींनी हात उचलला. तो कानापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी ओठ आवळून पुन्हा जोर केला, पण हात पुढे जाईना. त्या खोटेपणानंतर त्यांनी काठीला हात लावला नव्हता, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामही सोडले होते. कशासाठी करायचे? दुपारी बोटीवर जे खोटं होतं, ते घरी बसून बसून खरं झालं होतं. जावयांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी डोळे पुसले, पदर खोचला, मला उचललं आणि स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. "ज्या दिवशी उजव्या हातानं स्वतः काढून घ्याल, त्या दिवशी जा. मी अडवणार नाही. आणि स्टूल मी लपवून ठेवणार आहे."

यंदाची बोट मिस्त्रींशिवाय गेली. जावईही गेले नाहीत.

तर सध्या माझा मुक्काम मसाल्याच्या डब्यांशेजारी. रोज सकाळी मिस्त्री फळीखाली उभे राहतात, बाई त्यांच्या कोपराला खालून आधार देतात, आणि बोटं भिंतीवरून माझ्याकडे सरकत येतात. त्यांच्या तोंडून जे शब्द निघतात ते लिहिण्यासारखे नाहीत. कालपर्यंत ती बोटं फळीच्या कडेलाच अडायची. आज मधलं बोट माझ्या हँडलला लागलं आणि मी पाव वेढा फिरलो.

बाईंनी तो आवाज ऐकला. "झालं तेवढं पुरे," त्या म्हणाल्या, पण कोपराखालचा हात त्यांनी काढला नाही.

मिस्त्री, अजून थोडं. मला इथं हळदीचा वास लागतोय.