उज्वलाचा उजवा हात

पोलादपूरच्या बाजारातल्या आपल्या दुकानात उज्वला ब्लाउज शिवायची. एकदा इस्त्रीचा चटका बसला आणि तिला तो कळलाच नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा तिचं लक्ष गेलं. कोपराखाली जो फिकट चट्टा होता, तिथेच भाजलं होतं.

महाडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर रिम्शा यांनी तपासून सांगितलं, "कुष्ठरोग आहे. पूर्ण बरा होतो. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

ही गोष्ट उज्वलाने फक्त नवऱ्याला, अरविंदला सांगितली. सासूला, चंपाबाईंना, गोळ्या खाजेच्या आहेत असं म्हणाली.

पहिला महिना बरा गेला. मग चट्टा लालबुंद होऊन सुजला, कोपर ठणकू लागलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं. कात्री हातातून निसटायची. औषधच बाधलं असं तिच्या मनाने घेतलं. कुणाला न सांगता तिने गोळ्या बंद केल्या.

एके दुपारी जेवताना तिच्या बोटांतून भात सांडत होता. चंपाबाईंनी तिचा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला.

"कधीपास्नं हाय गो ह्ये?"

उज्वला रडायलाच लागली. मग तिने सगळं सांगितलं.

चंपाबाईंनी तिचा हात सोडला नाही. "माज्या भावाची, सोमाची बोटं अशीच वाकली व्हती," त्या म्हणाल्या. "रानातल्या खोपीत ठेवला त्याला. मी चोरून भाकरी न्यायची. तवा आमच्या वाडीपातूर गोळ्या नाय पोचल्या. तुला मिळाल्यात, आन् तू खात नायस?"

दुसऱ्याच दिवशी दोघी एसटीने महाडला गेल्या.

डॉक्टरांनी कोपराजवळची नस दाबून पाहिली, बोटांची ताकद पाहिली. "औषध बाधलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे जंतू आपल्या पेशींच्या आत लपून राहतात, नसांमध्येसुद्धा. इतकी वर्षं तुमच्या शरीराला त्यांचा नीट पत्ता नव्हता. आता तो लागलाय आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडलंय. पण ही लढाई तुमच्या नसेतच चाललीय, म्हणून सूज. ती उतरवायला स्टेरॉइड देते. आधीच्या गोळ्याही चालूच ठेवायच्या."

"हात परत येईल?" उज्वलाने विचारलं.

"वेळेवर आलात. बराचसा यावा."

चंपाबाईंनी विचारलं, "पोरांना टोचतात तशी लस नाय का याच्यावर?"

"लहानपणीची बीसीजी थोडीफार राखण करते. नव्या लशींवर काम चालू आहे. पण जंतू आपल्याच पेशीत बसलेला असला की काम अवघड होतं. शरीराला जागं तर करायचं, पण आता यांच्या हाताचं झालं तसं होऊ द्यायचं नाही."

"राखणदार हवा, पन घर जाळनारा नको."

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर घरच्यांसाठी एका डोसाचं औषध आहे. आजार होण्याचा धोका कमी होतो."

"मग मला आधी द्या," चंपाबाई म्हणाल्या.

सूज सावकाश उतरली. दवाखान्यात शिकवलेले बोटांचे व्यायाम उज्वला रोज करायची. शेजारचं बोट सरळ झालं, करंगळी थोडी वाकडीच राहिली. कात्री धरायची पद्धत तिला बदलावी लागली. सुरुवातीला कापड वेडंवाकडं कापलं जायचं, तेव्हा ती चिडून मशीनपासून उठून जायची आणि चहा घेऊन परत यायची.

मधे बंद ठेवलेलं दुकान पुन्हा उघडल्यावर लोक काय झालं म्हणून विचारू लागले. तिने आजाराचं नाव लपवलं नाही. काही बायका परत फिरकल्या नाहीत. त्यातली एक तर तिची शाळेतली मैत्रीण होती. त्याचं तिला फार लागलं.

मग दर्शना आली, तिची जुनी गिऱ्हाईक. तिनेही विचारलं, उज्वलाने तिलाही तेच सांगितलं. दर्शना क्षणभर तिच्या हाताकडे बघत राहिली. मग पिशवीतून मापाचा ब्लाउज काढून तिने त्याच हातात दिला.

"बाही जरा सैल ठेव," ती म्हणाली. "मागच्या वेळी काचत होती."