भडगावला ऐकू आलं नाही

मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडणं सगळ्यांत सोपं. तो काही उठून भांडायला येत नाही. हितेंद्रचं तेच झालं. भडगावच्या केंद्रात केळी पिकवण्याच्या खोलीत तो मरून पडला, तेव्हा कंपनीने चौकशी केली आणि सांगून टाकलं, की धोक्याचा भोंगा वाजला होता, पोराने कानाडोळा केला. झालं! वर माणुसकी म्हणून त्याच्या बहिणीला, चारुलताला, जळगावच्या ऑफिसात नोकरी दिली, भडगावचं केंद्र बंद केलं आणि सगळे मोकळे झाले. चारुलता पगारासाठीच लागली, खोटं कशाला बोला. पण खुर्चीत बसल्यापासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. दादाने खरंच भोंगा ऐकला होता का?

घरी आई होती, इंदिराबाई. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खान्देशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, आणि त्याला नावाने हाक मारून घरात बोलावतात. हितेंद्रची ही पहिलीच घागर. आणि ही बाई म्हणे, मी भरणारच नाही.

"जो भोंगा नही आयके, तो मन्ही हाक काय आयकी?" असं म्हणून ती तोंड फिरवायची. दोन शेतांपलीकडून हाक मारली तरी ओ देणारा पोरगा, त्याने जीव वाचवणारा भोंगा ऐकून सोडून दिला, हे तिला गिळवत नव्हतं आणि थुंकवतही नव्हतं. चारुलता समजूत घालायची, पण स्वतःच्याच मनाची घालता येत नव्हती तर आईची काय घालणार?

आता हे काम कसं चालायचं ते ऐका. केळी पिकताना खोलीतली हवा बिघडते. पंख्याने ती बाहेर काढली नाही, तर आत गेलेला माणूस गुंगी येऊन पडतो. यावल, एरंडोल, धुळे, सगळ्या केंद्रांवर हवा मोजणारी यंत्रं होती, पण अक्कल सगळी जळगावच्या सर्व्हरात ठेवलेली. हवा बिघडली की यंत्र जळगावला कळवणार, मग जळगाव धोक्याचा निरोप सोडणार आणि त्या-त्या केंद्राचा भोंगा वाजणार. हा निरोप मल्टिकास्टने जाई. म्हणजे दवंडीच म्हणा ना! ओरडणाऱ्याने एकदाच ओरडायचं, ज्याचे कान उघडे त्याने ऐकायचं. कुणी ऐकलं, हे ओरडणाऱ्याला कळत नाही. फक्त मधला एखादा निरोप ज्याला मिळाला नाही, तो उलट विचारतो, की मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.

आणि गेल्या काही दिवसांपासून पडद्यावर हेच येत होतं. "भडगाव: निरोप मिळाला नाही. पुन्हा पाठवा."

पहिल्यांदा दिसलं तेव्हा चारुलताने ती ओळ दोनदा वाचली. बंद केंद्र विचारणार कुठून? तिने निरोपाचा क्रमांक बघितला. चौकशीच्या कागदांत होता तोच, दादा गेला त्या दुपारचा धोक्याचा निरोप. एवढा जुना निरोप सर्व्हर साठवूनही ठेवत नाही.

ती उठली आणि मागच्या गोदामात गेली. केंद्र बंद झाल्यावर आणलेलं भडगावचं यंत्र तिथेच फळीवर पडलं होतं. वायर गुंडाळलेली, वर बोटभर धूळ, आणि कधीतरीच्या दसऱ्याला दादाने चिकटवलेलं झेंडूचं फूल वाळून काळं पडलेलं. तिने यंत्राला हात लावला. ते गरम लागलं. उन्हाळाच तसा आहे, पत्रा तापलाय, असं तिने स्वतःला सांगितलं आणि जवळजवळ पळतच बाहेर आली.

रविंद्र सर, म्हणजे तिचे साहेब, हसले. "भूतबीत काही नसतं गं. जुनी नोंद राहिली असेल कुठेतरी. एक जण सारखा 'पुन्हा सांगा' करायला लागला, की बाकीच्यांचे निरोप रेंगाळतात. ते नाव काढून टाक."

"दादाचं नाव काढून टाक", तिला असंच ऐकू आलं. पण नोकरी ती नोकरी. आज करते, उद्या करते, असं करत तिने आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत ढकललं. त्या दुपारी ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पोरीबाळी माहेरी निघालेल्या, रस्त्यावर आंब्याच्या पाट्या आणि डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, ढीग. चारुलताने सेटिंग उघडलं आणि भडगावच्या नावावर बाण नेऊन ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. धुळ्याचा प्रशील, तिथल्या केंद्रावरचा. "ताई, खोलीतला पंखा बंद पडलाय. सणाचा माल खचाखच भरलाय आत. मी जाऊन बघतो."

"एकटा जाऊ नकोस रे!"

"लगेच येतो. काही झालंच तर तुमचा भोंगा आहे की," असं म्हणून त्याने फोन ठेवला सुद्धा.

थोड्या वेळाने पडदा लाल झाला. धुळ्याची हवा बिघडली होती. सर्व्हरने आपणहून धोक्याचा निरोप सोडला, आणि समोर हिरवी अक्षरं आली: "पाठवला." चारुलताने सुस्कारा टाकला. भोंगा वाजला असेल, पोरगा बाहेर आला असेल.

हिरव्या अक्षरांखाली ओळ उमटली. "भडगाव: निरोप मिळाला नाही. पुन्हा पाठवा."

या खेपेला क्रमांक वेगळा होता. तो आत्ताच सोडलेल्या निरोपाचा होता.

मग तिला उमगलं. दादा आता आपला निरोप मागत नव्हता. धुळ्याचा मागत होता. "दादा," ती भर ऑफिसात मोठ्याने बोलली, "कुणालाच ऐकू गेलं नाही का रे?" ओळ पुन्हा उमटली. मग पुन्हा. कुणीतरी दारावर धडका द्याव्यात तशी.

तिने प्रशीलला फोन लावला. पत्र्याच्या खोलीत रेंज कुठली! तिने धोक्याच्या निरोपांचं सेटिंग उघडलं. त्यात एक आकडा असतो, निरोपाने किती राउटर, म्हणजे वाटेतली नाकी, ओलांडून जायचं त्याचा. तिथे होता एक. म्हणजे दवंडी जळगावच्या वेशीतच मरत होती, आणि ज्या केंद्राला पहिलाच निरोप मिळाला नाही, ते काय हुकलं हे विचारणार तरी कसं? दर महिन्याला चाचणी व्हायची, जळगावचा भोंगा छान बोंबलायचा, आणि सगळे माना डोलवून चहाला जायचे. केंद्रांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं, चौकशीतही नाही. भोंगा वाजतोय ना, बस!

तिने एक खोडून दहा केला आणि निरोप पुन्हा सोडला. मग ती फोनकडे बघत बसली. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

फोन वाजला. आधी नुसता खोकला ऐकू आला. "ताई... मी गुडघ्यावर आलो होतो. दार कुठं आहे तेच कळेना. भोंग्याच्या आवाजावर सरपटत आलो." त्याने दम घेतला. "आमचा भोंगा वाजतो, हेच आज पहिल्यांदा कळलं. मी लागल्यापासून एकदाही वाजला नव्हता."

चारुलता टेबलावर डोकं टेकून रडली. रविंद्र सर धावत आले. त्यांनी पडदा पाहिला, एक खोडून दहा केल्याची नोंद पाहिली, आणि खुर्ची ओढून बसले. "तो एक सुरुवातीला चाचणीसाठी मीच टाकला होता," ते म्हणाले. "केंद्रांना उगाच त्रास नको म्हणून. बदलायचा राहून गेला."

"चौकशीत तुम्हीच होता ना, सर?" तिने विचारलं. "सोमवारी वरच्यांना तुम्ही सांगता, का मी सांगू?"

निघताना तिने पडद्याकडे पाहिलं. भडगावची एक शेवटची ओळ आलेली होती. "निरोप मिळाला." त्यानंतर यादीत ते नावच राहिलं नाही. तिने ते काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, इंदिराबाई ओट्यावर हात बांधून बसली होती. कोरी घागर कोपऱ्यात पालथी. चारुलता तिच्यापुढे उकिडवी बसली.

"माय, दादानी भोंगा आयकाच नही. त्याले कोन्ही सांगंच नव्हतं."

इंदिराबाई तिच्याकडे वळली. मग तिने दोनदा तेच विचारलं, आणि दोनदा तेच उत्तर ऐकलं. उठली, घागर सुलटी केली, काठोकाठ भरली, आणि दारात जाऊन उभी राहिली. वर्षभर तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"हितू," तिने हाक मारली, "घरमा ये रे भाऊ. तुन्हा काहीच दोष नही."

आणि ती दारातून बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यायला.